जैसे-थे दाखला

बदल झाला, पण काहीही बदललेलं नाही, असं लिहून देण्याचा एखाद्या माणसाला दरमहा पगार मिळतो, यावर माझ्या आईचा अजून विश्वास बसत नाही. मी तिला दहा वेळा समजावलं. "म्हणजे तो दिवसभर करतो काय?" ती विचारायची. "तेच करतो," मी म्हणायचे. "आणि तू?" "मी ते तपासते." मग आई माझ्याकडे अशा नजरेने बघायची की मी उठून भांडी घासायला घ्यायचे.

तो माणूस म्हणजे आमचा जैसे-थे. खरं नाव सेवापुस्तकात असेल. ऑफिसात शिपायापासून संचालकांपर्यंत सगळे त्याला पाठीमागे जैसे-थे म्हणायचे आणि तोंडावर सर. मीही तेच करायचे. अकरा वर्षं मी त्याच्या समोरच्या टेबलावर बसले आणि त्या अकरा वर्षांत त्याने खुर्चीची जागा, पेनाची शाई किंवा स्वतःचं मत एकदाही बदललेलं मी पाहिलं नाही. सरकारने वाटेल ते बदलावं, हा बसलेलाच होता सगळं पूर्ववत करायला.

आमच्या कक्षाचं काम तसं सोपं. ते अवघड वाटावं म्हणून तिसऱ्या मजल्यावर, लिफ्टच्या मागे, भर दुपारी दिवा लावावा लागणाऱ्या खोलीत ठेवलं होतं. प्रत्येक खात्याने वर्षात जास्तीत जास्त किती खर्च करायचा याची कायद्याने मर्यादा ठरलेली असते. त्याच्या वर छदामही नाही. पण वरच्या मजल्यावरच्या शहाण्यांना अधूनमधून खर्च मोजण्याची पद्धतच बदलावीशी वाटते. काल जे खर्चात धरत होते ते आज धरत नाहीत, काल जे सोडून देत होते ते आज धरतात. मुलाची उंची आजवर चपला घालून मोजली आणि आता अनवाणी मोजायची ठरली, तर दाराच्या चौकटीवरची खूणही तेवढी खाली आणावी लागते, नाहीतर पोरगं आखडलं असं वाटेल. ती खूण सरकवण्याचं काम आमचं. पद्धत बदलल्याने कुणाच्या पदरात एक पैसा जास्त पडू नये आणि कुणाच्या ताटातला एक घास कमी होऊ नये, एवढंच बघायचं.

त्यासाठी आमच्याकडे दोन पानांची रीत होती. जुन्या पद्धतीचं पान जैसे-थे करणार, नव्या पद्धतीचं मी करणार, आणि दोन्ही पुरी होईपर्यंत एकमेकांची पानं बघायची नाहीत. मग तो उठणार, दोन्ही पानं एकावर एक ठेवून दिव्यासमोर धरणार आणि ओळीमागून ओळ फरक वाचत जाणार. तो वाचायचा, मी लिहायचे. जितका फरक तितकी मर्यादा वर किंवा खाली. शेवटी दाखला: 'हिशोबाच्या पद्धतीत बदल झाला असून प्रत्यक्ष स्थिती जैसे थे आहे.' खाली दोन सह्या, एक त्याची, एक माझी. असे चाळीस दाखले त्याने दिले होते आणि एकही परत आला नव्हता. हे तो नव्या माणसाला पहिल्या दहा मिनिटांत सांगायचा. जुन्यांना आठवड्यातून एकदा.

एवढ्यावर थांबला असता तर मी काही बोलले नसते. पण त्याने ऑफिसातली अक्कल घरी नेली. डॉक्टरांनी साखरेमुळे चहा दिवसाला दोन कपांवर आणायला सांगितला, तर याने मोजण्याची पद्धत बदलली. अर्धा पिऊन ठेवलेला कप मोजायचा नाही. मग तो दिवसातून सहा वेळा अर्धा-अर्धा कप प्यायचा आणि डॉक्टरांना छातीठोकपणे सांगायचा, "एकही कप पूर्ण घेत नाही." साखर वाढतच गेली. त्यावर त्याचं म्हणणं, तपासणीच्या यंत्रात दोष असणार.

आणि त्याच्या बायकोची, आमच्या वहिनींची, गोष्ट तर त्यांनी स्वतः मला सांगितली, ऑफिसच्या स्नेहसंमेलनात. घरखर्चाची मर्यादा याने कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेली. वहिनींनी शाळेचे गणवेश शिवायला घेतले, चार पैसे येऊ लागले, तेव्हा त्या म्हणाल्या, आता ही मर्यादा तेवढी वाढवा. "वाढवू की," हा म्हणाला, "मागच्या पूर्ण वर्षात तुझी कमाई किती?"

"मागच्या वर्षी मी शिवत कुठे होते?"

"म्हणजे शून्य. मग वाढही शून्य."

वहिनींनी हे हसत हसत सांगितलं, पण सांगताना हातातला चमचा ताटलीत आपटला. तेव्हापासून त्या स्वतःची कमाई कपाटाच्या वरच्या खणात ठेवतात आणि त्या खणाचा हिशोब कुणाला देत नाहीत. मला ते फार आवडलं. मी घरी येऊन आईला सांगितलं, तीही पोट धरून हसली. त्या वेळी आम्हाला दोघींना हसायला येत होतं.

त्याच्या नोकरीच्या शेवटच्या वर्षाआधी वरून नवा हुकूम आला. आजवर जी कचेरी लोकांकडून फी घेत असे तिला ती फी आपल्या खर्चातून वजा करून उरलेलाच आकडा दाखवता येत असे. यापुढे वजावट बंद. खर्च आख्खा दाखवायचा आणि फी वेगळी सरकारजमा दाखवायची. काम तेच, माणसं तीच, पैसा तोच. फक्त कागदावर खर्च एकाएकी फुगलेला दिसणार. म्हणून जितकी फी, तितकी त्या कचेरीची मर्यादा वर न्यायची, म्हणजे झालं. शेंबड्या पोरालाही जमेल. फी कुठल्या वर्षाची धरायची तेही हुकुमात होतं: लगतच्या मागच्या पूर्ण वर्षाची.

अशा चौदा कचेऱ्या निघाल्या. पोहण्याचा तलाव, वाहनतपासणी, नकाशांची छपाई आणि असंच काहीबाही. अकराव्या ओळीत होती श्रवणयंत्र दुरुस्ती कार्यशाळा. म्हणजे आमच्याच इमारतीच्या तळघरातली, जिला सगळे कानवाल्या बाईंची खोली म्हणतात. भिंगाचे दिवे लावलेली पाच टेबलं, पाच कारागीर आणि त्यांच्या प्रमुख त्या बाई. कुणाच्या कानाच्या मशीनची नळी कडक झालेली, कुणाचं बॅटरीचं झाकण तुटलेलं, कुणाचा कानात बसणारा साचा सैल झालेला. बाजारात ज्या दुरुस्तीला नवं मशीन घ्या म्हणतात ती इथे थोड्या फीत होते. कार्यशाळेचा वर्षाचा खर्च शंभर धरला, तर नव्वद लोकांच्या फीमधूनच यायचे. सरकारच्या खिशातून जायचे फक्त दहा.

आम्ही पानं केली, त्याने दिव्यासमोर धरली आणि वाचायला लागला. अकराव्या ओळीला त्याने वाचलं, "फरक सदतीस." माझा हात थांबला.

"सर, सदतीस कसे? नव्वद हवेत."

"दोन्ही पानांत मागच्या वर्षाची फी सदतीसच आहे. तुमच्याही पानात आहे."

"आहे हो, आलेल्या कागदात तेवढीच होती म्हणून मी लिहिली. पण मागच्या वर्षी तळघरात पाइप फुटला होता. सात महिने कार्यशाळा बंद होती. फी येणार कुठून? ते काही पूर्ण वर्ष नव्हे."

"बारा महिने झाले की वर्ष पूर्ण होतं, बाई. कार्यशाळा बंद होती, वर्ष चालू होतं."

"अहो, दहा आधीचे आणि सदतीस हे, म्हणजे सत्तेचाळीस. शंभराच्या कामाला सत्तेचाळीसची मर्यादा! सहाव्या महिन्यात त्यांना दार लावून घ्यावं लागेल. लोक हातात फी घेऊन उभे राहतील आणि ती घेऊन काम करायची यांना परवानगी नसेल."

त्याने पानं खाली ठेवली आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. "पाइप फुटल्याचं कुठल्या कागदावर आहे?"

"कागदावर नाही. मला माहीत आहे. माझ्या आईचं मशीन तिथेच जातं. ते सात महिने आम्ही कसे काढले ते मला विचारा."

चूक झाली ती इथेच. त्याने खण उघडला, नियमांचं पुस्तक काढलं, बोट ओलं करून पान उलटलं आणि मला वाचून दाखवलं: ज्या विषयात कर्मचाऱ्याचा किंवा त्याच्या कुटुंबीयाचा लाभ गुंतला असेल त्या विषयात त्याने मत देऊ नये. "तुमचा हितसंबंध आहे," तो म्हणाला. "तुम्ही या ओळीबद्दल काही बोललाच नाहीत असं मी धरतो. तुमच्याच भल्यासाठी."

म्हणजे बघा. ज्या माणसाचा कार्यशाळेशी संबंध नाही त्याला पाइप फुटल्याचं माहीत नाही, म्हणून तो बोलणार नाही. आणि ज्याला माहीत आहे त्याचा संबंध आहे, म्हणून त्याने बोलायचं नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मग दाखल्यावर सही तरी मी कशी करू?" मी विचारलं.

"सही म्हणजे मत नव्हे. सही म्हणजे बेरीज बरोबर आहे."

दुसऱ्या दिवशी मी खाली जाऊन कानवाल्या बाईंना सगळं सांगितलं. ठेंगणी, चष्मा कपाळावर चढवलेली बाई. समोरचे आपल्या ओठांवरून शब्द ओळखतात याची सवय झालेली, म्हणून प्रत्येक शब्द सुटा आणि ठळक. त्यांनी गेल्या सहा वर्षांच्या नोंदवह्या काखेत मारल्या आणि जिना चढून आमच्या खोलीत आल्या. जैसे-थेने त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला, स्वतःसाठी अर्धा कप. वह्या चाळल्या आणि म्हणाला, "अक्षर किती सुंदर आहे हो तुमचं. सरकारात असं अक्षर आता राहिलं नाही."

"अक्षराचं राहू द्या," बाई म्हणाल्या. "हे सात महिने कोरे आहेत ते दिसतात ना तुम्हाला?"

"दिसतात. पण मला दिसून उपयोग नाही. तुमच्या खात्यामार्फत यायला हवं."

बाई खात्याकडे गेल्या. खातं म्हणालं, आख्ख्या खात्याच्या आकड्यांत तुमची ओळ बोटाच्या पेराएवढीही नाही, तिच्यासाठी पत्र काढलं तर बाकीच्या ओळीही उघडतील, छपाईला जाऊ द्या, पुढचं पुढे बघू. बाई संचालकांकडे गेल्या. संचालकांनी ऐकून घेतलं आणि जैसे-थेला बोलावून विचारलं, "यात काही आहे का?" तो म्हणाला, "नियमाप्रमाणे आहे, साहेब." संचालकांनी सुटकेचा श्वास टाकला. या माणसाला एवढी वर्षं पोसलं ते याच वाक्यासाठी.

छपाईच्या आदल्या दिवशी दाखला माझ्या टेबलावर आला. एकेचाळिसावा. त्याची सही झालेली, माझी जागा कोरी. आता खरं सांगायचं तर मी पेन्सिलीने अकराव्या ओळीभोवती गोल केला, आणि थोड्या वेळाने खोडरबराने तो पुसला. त्या महिन्यात बढतीची यादी निघणार होती. माझं नाव तीत होतं आणि शिफारस त्याची होती. मी मनाची समजूत घातली की मी सही केली नाही तर दुसरं कुणी करेल, की वरच्या कुणाच्या तरी लक्षात येईलच, की सही म्हणजे मत नव्हे. त्याचंच वाक्य. मी सही केली आणि जेवणाच्या सुट्टीत न उघडलेला डबा संध्याकाळी तसाच घरी परत आणला.

सहाव्या महिन्याच्या एकवीस तारखेला तळघराच्या दाराला पाटी लागली: 'वार्षिक खर्चमर्यादा संपल्याने दुरुस्ती बंद. नवीन मशीन स्वीकारले जाणार नाही.' पाचपैकी तीन कारागिरांना घरी बसवलं. उरलेले दोघे आलेल्यांना परत पाठवायला. जिन्यावर माणसं बसलेली असायची, मुठीत फीचे पैसे, रुमालात गुंडाळलेलं मशीन. त्यातल्या कित्येकांना पाटी वाचूनही कळायचं नाही. ते विचारायचे, आणि उत्तर त्यांना ऐकू यायचं नाही.

पाटी लागली त्याच आठवड्यात आईचं मशीन बंद पडलं. आधी ती मोठ्याने बोलायची, मग एकदम हळू, मग कमीच बोलायला लागली. दूध उतू जायचं, दाराची घंटा वाजत राहायची. मी हसले की तीही हसायची, कशाला ते न कळता. ते बघवायचं नाही. माझी बढती झाली होती, तरी नवं मशीन घेण्याएवढे पैसे नव्हते. एकदा मी कागदावर लिहून तिला सगळं समजावलं, मर्यादा, फी, सदतीस आणि नव्वद. तिने चष्मा लावून दोनदा वाचलं. मग म्हणाली, "अगं, तू तिथेच तर असतेस. एक शब्द सांगायचा होतास त्यांना." त्या कागदावर मी माझ्या सहीबद्दल लिहिलं नव्हतं.

सातव्या महिन्यात जैसे-थे निवृत्त झाला. सभागृहात निरोपाचं भाषण झालं. संचालक म्हणाले, एकेचाळीस दाखले आणि एकही आक्षेप नाही, असा माणूस पुन्हा होणे नाही. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, कारण पहिल्या रांगेत बसले होते. मग हा उठला आणि वीस मिनिटं दोन पानांच्या रीतीवर बोलला. खिडकीबाहेर जिन्यापर्यंत गेलेली मशीनवाल्यांची रांग दिसत होती, अजून कुणीतरी आशेने यायचंच. त्याची पाठ खिडकीकडे होती, आणि तोंड असतं तरी फरक पडला नसता, कारण रांग कुठल्या पानात नव्हती.

पण कानवाल्या बाई गप्प बसणाऱ्या नव्हत्या. त्यांनी चौदा पत्रं लिहिली, त्याच सुंदर अक्षरात. चौदावं लेखापरीक्षकांकडे पोचलं आणि तिथून नवव्या महिन्यात आमच्याकडे एक ओळीचा प्रश्न आला: कार्यशाळेचे आधारवर्ष सदोष असल्याची बाब दाखला देताना कोणाच्या निदर्शनास आली होती काय? उत्तर सह्या करणाऱ्या दोघांनी द्यायचं. उत्तर 'नाही' असेल तर प्रकरण बंद. मर्यादा सत्तेचाळीसच, आणि पुढच्या वर्षीची त्याच्यावरच उभी, म्हणजे कार्यशाळा कायमचीच अर्ध्यावर. उत्तर 'होय' असेल तर दाखलाच चुकीचा ठरणार, मर्यादा चालू वर्षातच दुरुस्त होणार, आणि जाणूनबुजून सह्या करणाऱ्यांची चौकशी लागणार.

सुट्टीच्या दिवशी सकाळी दहाला जैसे-थे माझ्या दारात उभा. घंटा त्याने तीनदा वाजवली म्हणे. मी मागच्या बाजूला कपडे वाळत घालत होते आणि आई पुढच्या खोलीत बसलेली. शेवटी खिडकीतून त्याला पाहून तिनेच दार उघडलं होतं. मी आत आले तर हा खुर्चीत बसून आईशी बोलत होता, हवापाणी, तब्येत, आणि आई मान डोलावून गोड हसत होती.

"आई एकदम मजेत दिसतात," तो मला म्हणाला.

"तिला एक अक्षर ऐकू येत नाही. तीन महिने झाले मशीन बंद आहे."

"अरेरे." त्याने क्षणभर विचार केला. मनापासून केला, तेच भयंकर. "पण आधीपासूनच कमी ऐकू यायचं ना त्यांना?"

मी हातातली रिकामी बादली खाली ठेवली. तोंड उघडलं असतं तर आईलाही ऐकू गेलं असतं, एवढी ओरडले असते.

त्याने पिशवीतून फाइल काढली. उत्तर टाइप करून आणलं होतं: 'सदर बाब त्या वेळी कोणीही निदर्शनास आणून दिली नव्हती.' त्याची सही झालेली. माझी जागा कोरी. "माझं पेन्शन अडकलंय, बाई," तो म्हणाला. "प्रश्न निकाली निघेपर्यंत कागद हलत नाही. तुमची ही सही झाली की सुटलं."

"सर, मी आणून दिली होती."

"तुमचा हितसंबंध होता. तुम्ही बोललाच नाहीत असं आपण धरलं होतं. त्यामुळे हे वाक्य अगदी बरोबर आहे. मी रात्रभर तपासलंय." त्याच्या आवाजात लबाडी नव्हती. लबाडी असती तर मी त्याला हाताला धरून बाहेर काढला असता. त्याचा त्या वाक्यावर खरोखरच विश्वास होता. अकरा वर्षं मी त्याला लबाड समजत आले होते आणि तो नुसता ठार आंधळा निघाला.

आई आमच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत होती. मग ती उठली आणि आत जाऊन पाण्याचा तांब्या घेऊन आली. त्याला पेला भरून दिला. तिला वाटलं असणार, चांगलंच काहीतरी चाललंय.

मी त्याचा कागद बाजूला सारला, आणि एक कोरा घेतला. हाताने लिहिलं: 'ही बाब मी दाखल्यापूर्वी माझ्या वरिष्ठांच्या निदर्शनास आणून दिली होती. कार्यशाळा सात महिने बंद होती हे मला माहीत होते. माहीत असूनही मी दाखल्यावर सही केली.' खाली सही केली आणि कागद त्याच्यापुढे सरकवला. बढती गेली, चौकशी लागली, हे मला स्पष्ट दिसत होतं.

त्याने वाचलं. पहिल्यांदा पटकन, दुसऱ्यांदा बोट ठेवून. "यात तुमचंच नुकसान आहे, बाई," तो म्हणाला. "आणि माझं तर..." वहिनींना घरी जाऊन काय सांगायचं याचा विचार करत असावा. मी वाट बघत होते, आता फाडतो की मग फाडतो. मूळ कागद त्याच्या हातात, नक्कल कुठेच नाही, साक्षीदार एकच आणि ती बहिरी. फाडून खिशात घातला असता तर मी तरी पुन्हा लिहायची हिंमत केली असती की नाही, कोण जाणे.

त्याने खिशातून पेन काढलं आणि माझ्यापुढे धरलं. "तारीख राहिलीये," तो म्हणाला. "तारखेशिवाय आवकला घेणार नाहीत."

मी तारीख घातली.

"आणि एक प्रत मला लागेल. फाइलला."

मी दुसऱ्या कागदावर सगळं परत उतरवून काढलं. तो तोवर पाणी पीत बसला. मग त्याने दोन्ही कागद ताडून पाहिले, एक फाइलला लावला, दुसरा पाकिटात घातला, आणि उद्या सकाळी मीच आवकला देतो, असं म्हणून निघाला. मला ते खरं वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी मी साडेदहाला आवक नोंदवही मागून घेतली. माझा कागद सकाळची पहिली नोंद होता, दहा वाजून दोन मिनिटं. देणाऱ्याच्या रकान्यात त्याची सही होती.

तो माणूस मूर्खच होता, हे मी आजही म्हणते. नियमाच्या पुढे त्याला माणूस दिसत नव्हता, तो स्वतः धरून. त्याचं पेन्शन नऊ महिने अडकलं आणि वहिनींच्या वरच्या खणावर घर चाललं. माझी झालेली बढती गेली, ताकीद आली, दोन वेतनवाढी बुडाल्या. मर्यादा सुधारली आणि तळघराची पाटी अकराव्या महिन्यात उतरली. पण रांगेत आईचा नंबर दोनशेच्या पुढे होता, आणि तो येईपर्यंत तिला माझ्या ओठांवरून बोलणं कळायला लागलं होतं. म्हणून तर एका दुपारी, माझ्या सहीसकट सगळं सांगून झाल्यावर, तिने विचारलं तेव्हा मला तोंड फिरवून उत्तर देता आलं नाही. "तो कागद त्यांच्या जागी तुझ्या हातात असता," ती म्हणाली, "तर तू काय केलं असतंस गं?"

"फाडला असता," मी म्हणाले.